गॅस कटर लागायच्या आत: नाल्यावरचा जुना लोखंडी पूल हलवता येईल का?

कैचीवाला | ११ जानेवारी, रात्री ९:४०

वागळे इस्टेटमध्ये बत्तीस वर्षं फॅब्रिकेशन केलं. गोदामाच्या कैच्या (तिरके अँगल जोडून केलेले ट्रस), जिने, टाक्यांचे सांगाडे. आता शटरची किल्ली मुलाकडे आहे, पण कुठेही लोखंड दिसलं की पहिली नजर जोडावर जाते ती जातेच. प्रश्न तिथूनच उपटलाय.

घोडबंदर रस्त्यापासून खाडीच्या अंगाला एक कारखाना बरीच वर्षं बंद आहे. जमीन विकली गेली, टॉवर येणार. आवारातून नाला जातो आणि नाल्यावर एक लोखंडी पूल आहे. भंगाराचं काम घेतलेला पोरगा माझ्या ओळखीचा. ‘काका, अँगल चांगले आहेत, लागतील तेवढे घेऊन जा,’ म्हणाला म्हणून गेलो.

लांबी ६० फूट, रुंदी १०. दोन्ही बाजूंना ६ फूट उंचीच्या कैच्या, वरून मोकळा. तिरके अँगल एक इकडे झुकलेला, एक तिकडे, शाळकरी पोरांच्या चित्रातल्या डोंगरांसारखे. अख्ख्या पुलात वेल्डिंगचा एक टाका नाही, सगळं रिव्हेट. वायर ब्रश मारला तर वरच्या अँगलवर उठावाची अक्षरं निघाली: डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो. सिडनीचा हार्बर ब्रिज ज्यांनी बांधला तीच कंपनी. अँगल घ्यायचं राहिलंच.

मी पोचायच्या आधी एका टोकाचा आठेक फूट कठडा कापून झाला होता. म्हटलं, बाबा, चार दिवस थांब. तो म्हणाला, ‘थांबतो, पण सिलिंडरचं भाडं कोण देणार?’ दिलं.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे मिशिगनला गेलो होतो. तिथे बॅटल क्रीक गावाजवळ जुन्या लोखंडी पुलांची बागच केलीय. राज्यातल्या वेगवेगळ्या नद्यांवरून निघालेले, एकोणिसाव्या शतकातले पूल सुटे करून आणले, दुरुस्त केले, पुन्हा रिव्हेट मारून उभे केले. लोक त्यांवरून फिरतात, पलीकडे गवतावर डबे उघडून बसतात. आपल्याकडे पूल जुना झाला की दोनच वाटा: दुर्लक्ष, नाहीतर भंगार.

हा पूल अंदाजे १४ टनांचा आहे. भंगाराचा भाव किलोला ३० रुपये धरला तरी ४ लाख २० हजार झाले. हे हलवणं, ठेवणं, परत उभारणं शक्य आहे का? कोणाला अनुभव आहे का? नुसतं ‘वा छान’ लिहिलंत तरी चालेल, पण सिलिंडरचं भाडं रोजचं आहे.

चेंदणीकर | ११ जानेवारी, रात्री १०:२५

वा छान. (सांगितलंत म्हणून.)

काका, फोटो टाका ना. ठाण्यात रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला आली आणि वर्षभरात, १ मे १८५४ ला, खाडी ओलांडून कल्याणला पोचली. तरी जुन्या बांधकामाबद्दल ठाणेकराला विचारा, तो कळव्याचा दगडी पूल सांगेल आणि थांबेल. लोखंडाकडे आपण वारसा म्हणून बघतच नाही. दगडाला शेवाळ आलं की ते ऐतिहासिक, लोखंडाला गंज आला की भंगार.

आमचे थोरले काका रेल्वेच्या कारखान्यात रिव्हेटच्या टोळीत होते. ते ‘रिबिट’ म्हणायचे. चार जणांची टोळी. एक भट्टीवर, तो तापून लाल झालेला रिबिट चिमट्याने फेकायचा. दुसरा पत्र्याच्या डब्यात झेलून भोकात घालायचा. तिसरा मागून डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, दाबून धरायचा आणि चौथा हातोड्याने पुढचं डोकं बनवायचा. थंड झाला की रिबिट आखडतो आणि पत्रे एकमेकांवर आवळून बसतात. काकांना म्हातारपणी कमी ऐकू यायचं, ते त्या हातोड्यामुळेच.

हिशेबनीस | १२ जानेवारी, सकाळी ८:०५

सकाळी सकाळी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसून वाचतोय, त्यामुळे स्पष्ट लिहितो. रस्त्याला खड्डे, पाण्याला टँकर, आणि आपण बंद कारखान्याच्या नाल्यावरचा पूल वाचवायचा? त्यावरून ना कोणी राजा गेला ना पहिली आगगाडी. जुनं म्हणजे मौल्यवान असं नसतं. माझ्याकडे आजोबांचा स्टोव्हही आहे.

सुलभा_नौपाडा | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

हिशेबनीस, स्टोव्ह टाकला नाहीत ना अजून? मग झालं तर.

पण माझाही एक भाबडा प्रश्न. वाडा जागेवरून हलवला तर त्याला आपण वाडा म्हणू का? पूल तर नदीसाठी, नाल्यासाठी बांधलेला. दुसरीकडे नेऊन बागेत ठेवला तर तो शोकेसमधला पूल झाला. त्यात ऐतिहासिक काय उरलं?

स्पॅन | १२ जानेवारी, दुपारी १:१५

बेलापूरला एका सल्लागार कंपनीत पुलांची डिझाइनं करते, त्यामुळे या धाग्यावर न लिहिणं अवघड आहे.

सुलभाताई, वाडा आणि कैचीचा पूल यांत मोठा फरक आहे. वाड्याची भिंत पाडली की माती होते. कैचीचा पूल मुळात सुट्या तुकड्यांचा. इंग्लंडात भोकं पाडून, नंबर टाकून, जहाजात भरून इथे आणायचे आणि इथले कामगार जुळवायचे. तो जन्मतःच प्रवासी. टोकियोत हाचिमान पूल म्हणून आहे, १८७८ चा, जपानमध्येच बनलेल्या लोखंडाच्या पहिल्या पुलांपैकी. १९२९ मध्ये तो मूळ जागेवरून काढून देवळाजवळ नेला, आज तो राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा आहे. हलवला म्हणूनच टिकला.

जवळचं उदाहरण हवं तर बेली ब्रिज. दुसऱ्या महायुद्धात निघालेली कल्पना. १० फुटी तयार कैच्या सहा जवान उचलणार आणि पिना घालून जोडत जाणार. एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने तीन पादचारी पूल बांधले, ते याच पद्धतीचे. त्यातला एक आपल्या जिल्ह्यात, आंबिवलीला.

कैचीवाला, तुम्ही सांगताय तो प्रकार वॉरन कैचीचा दिसतो. ही रचना १८४८ मध्ये इंग्लंडात पेटंट झाली. प्रत्येक जोडावर एक उभा तुकडा पण आहे का? आणि एक महत्त्वाचं काम करा. वरच्या आणि खालच्या अँगलवर चालत जाऊन बघा, मध्येच कुठे रिव्हेटऐवजी नट-बोल्ट आहेत का. रिकामी भोकं आहेत का तेही बघा.

कैचीवाला | १२ जानेवारी, रात्री ८:५०

उभे तुकडे आहेत. १० फुटांचे सहा खण. बाकीचं उद्या बघून सांगतो. भोकांचं का विचारलंत?

स्पॅन | १२ जानेवारी, रात्री ९:१०

आधी बघून या. सांगितलं तर तुम्हाला तेच दिसेल.

हिशेबनीस | १३ जानेवारी, सकाळी ८:२०

सगळे भावुक व्हायच्या आत आठवण करून देतो. १५ जून २०२५, मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल. रविवार, पाऊस, पर्यटकांची गर्दी, पूल कोसळला, चार जण गेले. २०१६ ची सावित्री नदीवरची पूल दुर्घटना अजून विसरलेलो नाही. उद्या या पुलावर पोरं सेल्फीला उभी राहिली आणि काही झालं तर जबाबदार कोण? हा धागा?

स्पॅन | १३ जानेवारी, दुपारी २:००

या धाग्यावरचा आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद हा आहे, आणि मी उपरोधाने म्हणत नाही.

लोकांना वाटतं, यावरून टेम्पो जायचा, मग माणसं म्हणजे किस झाडकी पत्ती. उलट आहे. टेम्पो भरलेला असला तरी ५-६ टन, आणि एका वेळी एकच. माणसांची दाट गर्दी चौरस मीटरला ५०० किलो धरतात. १८ मीटर गुणिले ३ मीटर म्हणजे ५४ चौरस मीटर, म्हणजे २७ टन! पुलाच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट. विसर्जनाच्या दिवशी किंवा आतषबाजी बघायला लोक कठड्याला चिकटून उभे राहतात तेव्हा हा आकडा कागदावरचा राहत नाही.

पुढचं गणित चहाच्या कपाएवढं आहे. गर्दी आणि स्वतःचं वजन मिळून एका कैचीवर मीटरला साधारण १.१४ टन. लांबीचा वर्ग करून गुणा, ८ ने भागा, उंचीने म्हणजे १.८ मीटरने भागा. खालच्या भुजेत, म्हणजे कैचीच्या खालच्या लांब अँगलमध्ये, मधोमध २५-२६ टनांचा ताण येतो. ७५ मिमीचे दोन चांगले अँगल तो आरामात घेतील. पण गंजून निम्मे झालेले? म्हणून आधी जाडी मोजायची, मग प्रेम करायचं. कॅलिपर घ्या, शक्य झालं तर अल्ट्रासॉनिक मीटर. प्रत्येक तुकड्यावर तीन जागी.

आणि सगळ्यात जास्त कुठे बघायचं, तर खालच्या जोडात. आडवा गर्डर आणि उभा तुकडा जिथे भेटतात तिथे माती, पालापाचोळा साचतो आणि वर्षभर ओल राहते. वरून मोकळ्या पुलात वरची भुजा बाजूला कलू नये म्हणून तोच जोड तिला धरून ठेवतो. रंग चकचकीत आणि तो जोड पोकळ, असे पूल मी पाहिलेत.

कैचीवाला | १४ जानेवारी, रात्री ७:३०

तिळगूळ घ्या, गोड बोला. हिशेबनीस, तुम्ही पण.

आज चार तास पुलावर होतो. स्पॅनताई, तुम्ही काय शोधायला पाठवलंत ते कळलं आणि अंगावर काटा आला. दोन्ही कैच्यांमध्ये, टोकापासून २० फुटांवर आणि ४० फुटांवर, वरच्या-खालच्या भुजांच्या जोडपट्ट्यांना रिव्हेट नाहीत, जुने चौकोनी डोक्याचे बोल्ट आहेत. बाकी सगळीकडे रिव्हेट. आणि टोकाच्या आडव्या गर्डरवर रिकाम्या भोकांची रांग आहे, तिथे आता काहीच बसत नाही.

नंबरही दोन प्रकारचे निघाले. एक छिन्नी-पंचाने ठोकलेले, इंग्रजी अक्षर आणि आकडा. त्यावर रंगाच्या थराखाली ब्रशने काढलेले पांढरे आकडे, आणि ते देवनागरीत! १, २, ३. ३ चं शेपूट लांब ओढलेलं.

म्हणजे हा पूल आधी एकदा हलवलाय. कोणीतरी तीन तुकड्यांत सोडवून इथे आणलाय.

चेंदणीकर | १४ जानेवारी, रात्री ७:५२

आईशप्पथ.

सुलभा_नौपाडा | १४ जानेवारी, रात्री ८:१५

मग माझा प्रश्न मागे घेते. हा आपल्याकडे येण्याआधीच बिऱ्हाड बदललेला पूल आहे. त्या देवनागरी तीनचा फोटो हवा.

स्पॅन | १४ जानेवारी, रात्री ९:३०

हेच हवं होतं. एवढ्या लहान पुलाला मूळ कारखान्यातून आल्यावर जागेवरचे जोडही रिव्हेटचेच केले असते. बोल्ट म्हणजे दुसऱ्या वेळी आणलेल्यांकडे भट्टी नव्हती किंवा वेळ नव्हता. रिकामी भोकं म्हणजे पूर्वी त्याला वेगळ्या बेअरिंग (पूल ज्यांवर टेकतो ते आधार) होत्या. रेल्वेने किंवा कोणत्या खात्याने बाद केलेला माल कारखान्याने घेतला असेल, असा माझा कयास. कागद मिळेपर्यंत कयासच.

याचा व्यवहारातला फायदा बघा. ६० फुटी तुकडा घोडबंदर रस्त्यावरून न्यायचा म्हणजे लो-बेड ट्रेलर, जादा लांबीची परवानगी, रात्रीची वेळ. तोच तीन तुकड्यांत २०-२० फुटांचा होतो, साध्या ट्रकवर मावतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कोणा फिटरने आपलं काम करून ठेवलंय.

अहमदाबादचा_ठाणेकर | १५ जानेवारी, दुपारी १२:१०

नोकरीमुळे आठ वर्षं इकडे आहे. साबरमतीवरचा एलिस ब्रिज १८९२ चा, कमानदार लोखंडी कैच्यांचा. इंजिनिअर हिंमतलाल धीरजराम भचेच. अंदाजापेक्षा लाखाहून जास्त रुपये वाचवून पूल बांधला म्हणून सरकारला संशय आला की माल हलका वापरला. चौकशी झाली, माल उत्तम निघाला. (आजच्या काळात पैसे वाचले तर चौकशी होईल का, हा वेगळा धागा.) १९९७ मध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे पूल बांधले आणि जुना मध्ये तसाच ठेवला. पाडला नाही हे शहराचे उपकार, पण मधल्या काळात नुसता उभा राहिला आणि गंजला. कैचीवाला, पूल वाचवल्यावर दर पाच-सात वर्षांनी रंग कोण लावणार ते आधी ठरवा.

शिसपेन्सिल | १५ जानेवारी, रात्री १०:४०

केमिस्ट आहे. आयडी गमतीने घेतला होता, आज उपयोगी पडतोय.

कैचीवाला, रंगाचे थर खरवडताना सगळ्यात खाली नारिंगी-लाल थर लागला का? लागला असेल तर कृपा करून ब्रश खाली ठेवा. जुन्या पुलांचा प्राइमर म्हणजे शेंदूर. तोच, मारुतीचा. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साईड, गंज रोखायला फारच उत्तम आणि माणसाला तितकाच वाईट. हार्डवेअरच्या दुकानात आज जो ‘रेड ऑक्साईड’ मिळतो तो वेगळा, ते लोखंडाचं ऑक्साईड, म्हणजे आपला गेरूच. लोक दोन्हीत गल्लत करतात. गेरू विटकरी दिसतो, शेंदूर नारिंगी.

घरगुती रंगातल्या शिशाला आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१७ मध्ये. त्यामुळे जुन्या लोखंडावर शिसं आहे असंच धरून चालायचं. कोरडं घासलं की धूळ फुफ्फुसात, कपड्यांवरून घरात, घरातून नातवंडांच्या हातात. गॅस कटर मारला तर त्याहून वाईट, शिशाचा धूरच होतो. त्या भंगारवाल्या मुलाला पण सांगा. तो रोज तेच करत असणार आणि त्याला कोणी सांगितलं नसणार.

कैचीवाला | १६ जानेवारी, सकाळी ७:१५

नारिंगी थर आहे. आणि मी दोन दिवस तोंडाला रुमाल बांधून घासत होतो. बत्तीस वर्षं हेच केलं. काल रात्री पोराला फोन करून सांगितलं. तो हसला. मग म्हणाला, ‘म्हणून आमचे मामा असे झाले का?’ त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

विहंग | १६ जानेवारी, रात्री ९:००

पूल कुठे न्यायचा हे कोणीच बोलत नाहीये. मनात खाडीकाठ असेल तर विसरा. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. कांदळवनापासून ५० मीटरांत बांधकामाला उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केलीय. वर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. शिवाय लोखंडाला खारा वारा! तलावांच्या शहरात राहतो आपण, गोड्या पाण्याकाठची जागा शोधा.

शिसपेन्सिल | १६ जानेवारी, रात्री ९:२५

विहंगला अनुमोदन. आताच तो खाडीजवळ असल्यामुळे लोखंडात मीठ मुरलंय. नवा रंग लावण्याआधी गोड्या पाण्याने दाबाने धुवा, क्षार तपासा, मगच झिंक प्राइमर. नाहीतर सहा महिन्यांत रंगाखालून फोड.

कैचीवाला | १८ जानेवारी, रात्री १०:०५

बातमी आहे. आज विकासकाच्या माणसाशी बोलणं झालं. मी भाषण तयार करून गेलो होतो, वारसा, इंग्लंड, सगळं. त्याने दोन मिनिटांत थांबवलं. म्हणाला, ‘काका, चार लाख नाही अडले. मला ३१ तारखेला नाला मोकळा हवा.’ त्याच्या हिशेबात चार लाख म्हणजे चिल्लर आणि एक दिवसाचा उशीर म्हणजे पैसा. ही गोष्ट आधी कळली असती तर चार रात्री झोपलो असतो.

पूल फुकट, पण १३ दिवसांत उचलायचा. भंगारवाल्या पोराला त्याच्या वाट्याचं म्हणून मागच्या शेडचं लोखंड वाढवून दिलंय. मुलाच्या शॉपमागे जागा आहे, तिथे स्लीपरवर ठेवणार.

हिशेबनीस | १९ जानेवारी, सकाळी ८:१०

लेखी घेतलंत का? ‘फुकट’ हा शब्द कागदावर हवा, दिनांकासह. आणि उचलताना अपघात झाला तर विमा कोणाचा, तेही. मसुदा मी करून देतो, व्यवसाय तोच आहे. याचा अर्थ माझं मत बदललं असा नाही.

चेंदणीकर | १९ जानेवारी, सकाळी ८:३०

हिशेबनीसांच्या स्टोव्हला त्रिवार वंदन.

स्पॅन | १९ जानेवारी, दुपारी १:४०

उचलण्याबद्दल घाईत पण नीट वाचा. कैची दोन टोकांवर टेकलेली असते तेव्हा वरची भुजा दाबात आणि खालची ताणात. क्रेनवाल्याने मधोमध पट्टा घालून उचलली की उलट होतं, खालचे सडपातळ अँगल दाबात येतात आणि काडीसारखे वाकतात. उचलायची ती जोडांच्या जागी, दोन ठिकाणी, मध्ये स्प्रेडर बीम (पट्टे लांब ठेवणारा आडवा दांडा) लावून.

‘१४ टनाची हायड्रा क्रेन बोलावू, १४ टनाचा पूल आहे’ असं करू नका. हायड्राचे १४ टन बुंध्याजवळचे. बूम नाल्यावर लांब गेला की त्याच क्रेनला तीन टनही झेपत नाहीत. लोड चार्ट मागा, दिला नाही तर दुसरा क्रेनवाला बघा. आधी वरची चेकर्ड प्लेट काढून टाका, मग आडवे गर्डर, मग एकेक कैची. बोल्ट सुटले नाहीत तर फक्त नट कापा, पट्टीला ज्योत लागू देऊ नका.

आणि कापलेल्या कठड्याचा तुकडा सांभाळा. त्यातून लोखंड तपासता येईल. एक पट्टी खाच पाडून वाकवा. उसाच्या कांड्यासारखे धागे निघाले तर रॉट आयर्न, त्याला वेल्डिंग मानवत नाही. दाणेदार तुटली तर जुनं पोलाद. तरीही प्रयोगशाळेत गंधक-फॉस्फरस तपासल्याशिवाय वेल्डिंगची ७०१८ ची रॉड पेटवायची नाही.

कैचीवाला | १ फेब्रुवारी, रात्री ९:२०

पूल उतरला. ३० तारखेला, शुक्रवारी.

 बरेचसे बोल्ट सुटले, पाचांचे नट फोडावे लागले. दोन भुजपट्ट्यांमध्ये गंज फुगून पत्रे बोटभर फाकलेत. लोखंडाचा गंज झाला की तो कित्येक पट जागा मागतो आणि रिव्हेटचं डोकंसुद्धा उडवतो, हे वाचलं होतं, एवढ्या जवळून पहिल्यांदा पाहिलं. तापवून, ठोकून तो बाहेर काढावा लागेल, पण शिशाचा रंग आधी उतरवून. ते काम ब्लास्टिंगवाल्याकडे (दाबाने बारीक कण मारून रंग-गंज उतरवणारा), बंद शेडमध्ये, आम्ही हौशी मंडळी लांब. वाकलेला एक उभा तुकडा आहे, तो ६५० अंशांच्या वर न नेता सरळ करता येईल असं स्पॅनताई म्हणतात.

प्रत्येक तुकड्याला तारेने पितळी बिल्ला बांधलाय. चेंदणीकर आणि सुलभाताई दोन दिवस वही घेऊन उभे होते. बिल्ल्यावर आपण नवे नंबर घातले नाहीत, पंचाचेच ठेवले. देवनागरी आकड्यांचे सगळे फोटो काढून झालेत, कारण ब्लास्टिंगमध्ये ते जाणार.

पालिकेच्या एका बागेतून नाला जातो, तिथल्यासाठी अर्ज दिलाय, हिशेबनीसांच्या भाषेत. उत्तर यायचंय. अमेरिकेत १९८७ पासून कायदा आहे, ऐतिहासिक पूल पाडण्याआधी कोणी न्यायला तयार आहे का ते विचारावं लागतं आणि पाडायचा जो खर्च वाचतो तो नेणाऱ्याला देता येतो. तसं काही इथे असतं तर क्रेनचे पैसे सुटले असते. असो.

एक कोडं राहिलंय. तळाच्या आडव्यातिडव्या पट्ट्या बारा, एका खणात दोन. पंचाचे नंबर बी-१ ते बी-१२. पण बी-७ नाहीच. त्या जागी वेगळा अँगल आहे, त्यावर टाटाचा शिक्का आणि नंबर कुठलाच नाही.

स्पॅन | १ फेब्रुवारी, रात्री ९:४५

१० बाय १० चा खण, कर्ण १४ फूट. मागच्या वेळी जुळवताना भोकं जुळली नसतील, किंवा वाहतुकीत वाकला असेल, म्हणून नवा टाकला. जुना फेकला असेल असं मात्र वाटत नाही. त्या काळी १४ फुटी इंग्लिश अँगल कारखान्यात कोणी फेकत नसे.

सुलभा_नौपाडा | १ फेब्रुवारी, रात्री १०:००

आवारात अजून काय काय उभं आहे?

कैचीवाला | १ फेब्रुवारी, रात्री १०:०४

फाटक, वॉचमनची केबिन, सायकल स्टँड. उद्या तेही पाडणार आहेत.

कैचीवाला | २ फेब्रुवारी, दुपारी १२:३५

सायकल स्टँड. पत्र्याच्या खाली, पुढच्या कडेला, कामगारांच्या सायकली टेकून टेकून मधोमध घासून चकचकीत झालेला अँगल. दोन्ही टोकांना तीन-तीन भोकं. उजव्या टोकाला तेलाचं बोट फिरवलं आणि बी-७ निघाला.

पोरगा कापायलाच आला होता. त्याने सिलिंडर टेम्पोतच ठेवला आणि माझ्याकडे पाना मागितला.